मे महिन्याची खोली

"आत्या, तुझी पद्धत फॉस्फरस कमी दाखवून राहिली. तीनदा केलं मी," मोनालीने फोनवर सांगितलं आणि ताराताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

ताराताई ताजने म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेतल्या पहिल्या बाई केमिस्ट. लोखंडातला फॉस्फरस झटपट मोजायची त्यांची पद्धत सव्विसाव्या वर्षी छापून आली. पुढे बढत्या मिळाल्या, पण नाव छापून आलं ते तेवढं एकदाच. आता भाची मोनाली एका खासगी फाउंड्रीत केमिस्ट होती. फॉस्फरस मोजायचं मशीन दुरुस्तीला गेलं म्हणून तिने आत्याचा निबंध बाहेर काढला होता.

ताराताई वैशाली नगरातल्या घरून ऑटो करून थेट फाउंड्रीत धडकल्या. आयुष्यभराची कमाई ती चार पानं, आणि तीच चुकीची?

"पुराना तरीका है मॅडम, इतना तो होता है," लॅबचे प्रमुख ओमप्रकाश समजुतीने म्हणाले.

"नाही होत. मोना, माझ्यासमोर कर."

मोनालीने प्रमाणित नमुना विरघळवला, त्यात निबंधातलं द्रावण घातलं. फॉस्फरसचा पिवळा साका तळाशी धरू लागला. निबंधात लिहिल्याप्रमाणे फ्लास्क अर्धा तास टेबलावर ठेवला. बसल्या बसल्या ताराताईंना हुडहुडी भरली, त्यांनी पदर खांद्याभोवती ओढला आणि एकदम विचारलं, "एसी कितीवर आहे?"

"बावीस."

ताराताई खळखळून हसल्या. "मी लिहिलं, खोलीच्या तापमानाला ठेवा. अगं, ते प्रयोग मे महिन्यातले! वजनकाट्यावरची पूड उडते म्हणून पंखा बंद. पंचेचाळीस डिग्री, अन् मी त्यालेच खोलीचं तापमान समजली! थंडीत साका पुरता धरत नाही. गरम पाण्यात ठेव फ्लास्क."

या वेळी आकडा नमुन्याच्या दाखल्यावर छापलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळला. ओमप्रकाश उभे राहिले.

"पण आत्या, तुमच्याकडे हिवाळ्यात कसं जमे?"

ताराताईंचं हसू थांबलं. "आमचा अटेंडंट होता, धोंडबा. थंडीत तो फ्लास्क हॉटप्लेटच्या बाजूले सरकवून ठेवे. मले वाटे, टेबल पुसासाठी सरकवते. कावून ठेवतो, कशासाठी ठेवतो, असं कधी विचारलंच नाही."

त्यांनी पेन मागितलं. निबंधातली ओळ खोडून वर ठळक अक्षरात 'पंचेचाळीस अंश' लिहिलं. मग पहिल्या पानावर स्वतःच्या नावाखाली लिहिलं, धोंडबा.

पेन तिथेच थांबलं. अकरा वर्षं दोघांनी एका खोलीत काम केलं होतं. आडनाव काही आठवेना.

त्यांनी तेवढी जागा कोरी सोडली आणि निबंध मोनालीच्या हातात दिला.