ओवीतलं नाव

शैलाने हरेश्वरच्या मांडीवरची वही ओढून घेतली आणि ‘भीमराया’ या शब्दावर पेन्सिलीने रेघ मारली. वर बारीक अक्षरांत लिहिलं, ‘रामराया’.

“चालीत बसतं,” ती म्हणाली. “वसंतच्या घरी चैत्रगौर आहे. तिथे हेच बरं.”

चौपाटीच्या वाळूत बसलेल्यांपैकी कुणी काही बोललं नाही. वसंत भेळेच्या कागदाची उगाच घडी घालत राहिला. खरं तर शब्द बदल असं तिला कुणीच सुचवलं नव्हतं. पण तिने आपणहून बदलल्यावर सगळ्यांना जरा हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणं शैलाला दिसलं. हरेश्वर तेवढा त्या रेघेकडे बघत राहिला. मग त्यानेही वही परत घेऊन मिटली आणि पायजम्याची वाळू झटकली.

दरवर्षी कॉलेजचं हे गायन मंडळ परीक्षा संपली की कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊन पत्ते कुटायचं आणि त्याला गायनाचा दौरा म्हणायचं. यंदा वसंतच्या डोक्यात भलतंच शिरलं. दोन वर्षं संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांतून मुंबई आपली म्हणून घसे फोडले, पण गिरगावच्या पोरांनी लालबागच्या पलीकडे कुणाच्या घरचा चहा प्यायला नव्हता, ही गोष्ट त्याला लागली होती. म्हणून दौरा मुंबईतच करायचा ठरलं. सबंध चैत्रभर, रमतगमत, पायी नाहीतर ट्रामने, एकेकाच्या घरी. नियम एकच. ज्या घरी जाऊ तिथल्या बाईने आपलं एक गाणं द्यायचं, ते मंडळाने शिकायचं आणि पुढच्या घरी जाऊन गायचं. दादरच्या घरचा पाळणा त्यांनी माझगावच्या कोळीवाड्यात नेला होता. हरेश्वरच्या आईने दिलेलं होडीचं गाणं भोईवाड्यात, शैलाच्या चाळीत म्हटलं, तेव्हा सगळी गॅलरी गोळा झाली होती.

तो गेला रविवार. शैलाची आई बकुळा गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात होती. गाणं म्हणजे तिला जात्याशिवाय सुचायचंच नाही. तिने मूठभर ज्वारी घातली, खुंटा धरला आणि दळता दळता ओवी म्हटली. दहा बाय दहाच्या खोलीत मावतील तेवढे आत आणि बाकीचे दारात, असे सगळे गप्प होऊन ऐकत होते. ओव्या तिच्या स्वतःच्या होत्या. वसंतने तिथे दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि निघताना म्हणाला, “मावशी, गुरुवारी आमच्याकडे हळदीकुंकू आहे. तुम्ही यायचंच.” बकुळा नुसती हसली होती. आईला खाडा परवडत नाही हे शैलाला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे तिने तो विषय पुन्हा काढला नाही.

मंडळातल्या कुणी तिला कधी वाईट वागवलं नव्हतं. भीती तिची तिलाच होती. शाळेत असताना एका मैत्रिणीच्या घरी तिने पत्ता सांगितला होता आणि त्या घरातलं बोलणं एकदम थांबलं होतं. पुढे सगळं नीट झालं, लाडूही मिळाला. पण ते मधलं थांबणं तिच्या मनातून जात नव्हतं. आपल्या आईच्या गाण्यावर कुणी तसं थांबलेलं तिला सहन झालं नसतं.

वसंतची चाळ फणसवाडीत होती. त्याच्या आईने, राधाबाईंनी, गौर मोठ्या हौसेने मांडली होती. पुढे कलिंगडाचं कमळ, कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. बायकांनी खोली भरली होती. मंडळ भिंतीला टेकून बसलं. वसंतने तबला जुळवला आणि शैलाने सुरुवात केली.

“पहिली माझी ओवी गं, जात्याच्या घासाला,
रामराया तुझं नाव, दर एका श्वासाला.”

कुठेही काही अडलं नाही. बायकांच्या माना डोलल्या. राधाबाईंनी तर डोळेच मिटून घेतले. पहिलं कडवं दोनदा म्हणून झाल्यावर त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

“काय गोड आहे गं. कुणाचं हे?”

“माझ्या आईचं,” शैला म्हणाली.

“शैलाच्या आई आल्यात,” दाराजवळून कुणीतरी म्हणालं. “मघापासून उभ्या आहेत.”

बकुळा दारात उभी होती. धुवट निळं लुगडं, केसांत कापसाचा एक तंतू तसाच राहिलेला. हाफ डे घेऊन ती परळहून गिरगावापर्यंत विचारत विचारत आली होती. आईने किती ऐकलं हे विचारायची गरज नव्हती. आई तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात राग असता तर शैलाला बरं वाटलं असतं.

राधाबाईंची मात्र लगबग उडाली. त्यांनी बकुळाला हाताला धरून आत आणलं, स्वतःशेजारी बसवलं आणि कुंकवाचा करंडा पुढे केला. बकुळाने हात जोडले. आम्ही दीक्षा घेतलीय, आता कुंकू लावत नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. खोलीत थोडी चुळबुळ झाली. राधाबाई क्षणभर करंडा हातात धरून राहिल्या, मग तो खाली ठेवून त्यांनी मोगऱ्याचा गजरा उचलला.

“फुलं चालतात ना?”

“चालतात की,” बकुळा म्हणाली आणि मान वाकवली.

गजरा माळून झाल्यावर राधाबाईंनी हट्टच धरला. पोरांनी म्हटलं ते ठीक, पण जिचं गाणं तिच्या तोंडून ऐकायचं. बकुळा नको नको म्हणाली. हाताशी जातं नाही म्हणाली. पण बायका ऐकेनात. तेव्हा तिने पदर सारखा केला, एकदा लेकीकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

“पहिली माझी ओवी गं, जात्याच्या घासाला,
रामराया तुझं नाव, दर एका श्वासाला.”

दीड वर्षापूर्वी दीक्षा घेऊन आल्यावर आईने देव्हारा स्वतःच्या हाताने उतरवला होता. शेजारणी रडल्या, आजी आठवडाभर बोलली नाही, पण आई हलली नव्हती. आत्ताच, भरल्या बायकांत, तिने सरळ कुंकू नाकारलं होतं. आणि तीच आई शैलासाठी, तिचं खोटं उघडं पडू नये म्हणून, ते नाव घेत होती. आवाज जराही कापत नव्हता. शैलाला आपली इतकी लाज कधी वाटली नव्हती.

बकुळाने दुसरी ओवी घेतली.

“दुसरी माझी ओवी गं, लेकीच्या पाटीला…”

ही ओवी शैलाची होती. ती शाळेत, बिगारीच्या वर्गात गेली त्या दिवशी आईने जात्यावर रचलेली. पुढची ओळ आईने म्हणायच्या आत शैलाने ती उचलली. आवाज वर चढला, जरा फाटलाही.

“भीमराया तुझा हात, तिच्या गं पाठीला.”

बकुळाने डोळे उघडले. वसंतचा हात तबल्यावरच राहिला. खोलीतलं सगळं थांबलं, अगदी तसंच थांबलं, ज्याला शैला इतकी वर्षं घाबरत आली होती. पन्ह्याचा पेला कुणीतरी खाली ठेवला तेवढा ऐकू आला.

“आईचं गाणं असं आहे,” शैला म्हणाली. “शब्द मी बदलला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं.”

“तू बदललास तेव्हा आम्हीही काही म्हटलं नाही,” हरेश्वर भिंतीजवळून म्हणाला.

वसंतने मान खाली घातली. राधाबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा गौरीकडे, आणि मग कितीतरी वेळ बकुळाकडे. त्यांना काय वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. शेजारच्या दोघी बायका उठल्या, घरी दूध तापत ठेवलंय म्हणाल्या आणि निघाल्या. राधाबाईंनी त्यांना थांबवलं नाही. त्या जागच्या जागी मांडी बदलून बकुळाच्या समोर वळून बसल्या.

“मग पहिल्यापासून म्हणा,” त्या म्हणाल्या. “माझं ऐकायचं राहिलंय.”

बकुळाने तोंड उघडलं, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला सूर लागेना. ती लेकीकडे बघून मान हलवायला लागली. शैला उठून तिच्याजवळ जाऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून, आणि तिने हळू आवाजात पहिली ओळ धरली. नावापाशी आली तेव्हा ती थांबली. तेवढी जागा तिने मोकळी ठेवली.

बकुळाने ते नाव घेतलं.