गोळीतले केस

गुरुवारी सकाळी चिंचेखाली एवढी गर्दी, की मुखेडच्या आठवडी बाजाराला लाज वाटावी. कुणाची पोटरी बांधलेली, कुणाचा हात गळ्यात अडकवलेला. सगळे कुत्रं चावलेले. मधोमध बाजेवर गोळीबाबा पाय लांब करून बसलेला, आणि बाया रांगेनं त्या पायांवर दूध ओतत होत्या. बाबा वारुळाच्या ओल्या मातीची गोळी जखमेवर चोळायचा, डोळे पांढरे करायचा आणि गोळी फोडायचा. आत कुत्र्याचे केस!

"निघालं बघा इख!" बाबा ओरडायचा. "जेवढे केस बाहेर, तेवढं मरण बाहेर! आता सुई टोचली तर माझा उतारा उलटंल. मंग मला बोल लावू नका!"

लोक हात जोडायचे. मी दातओठ खात उभी होते.

मी वर्षाराणी, शाळेत विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी मी प्रशिक्षणाला लातूरला असताना माझ्या नवऱ्याला, सुदर्शनला, कुत्रं चावलं. घरच्यांनी त्याला ह्याच बाजेपुढं बसवलं. केस निघाले, सुई वर्ज्य झाली. पुढं दोनेक महिन्यांनी पाण्याचा पेला बघून तो थरथर कापायला लागला. एकदा तिथवर गेलं की त्या आजारावर औषध नाही. तो गेला. बाबा म्हणाला, "घरात कुणीतरी पथ्य मोडलं." घरातलं कुणीतरी म्हणजे मीच, हे गावानं ठरवून टाकलं. त्या दिवसापासून मला न्याय-बिय काही नको होता. सूड पाहिजे होता.

आणि त्या गुरुवारी सकाळीच माझ्या मोठ्या जावेची, अंजूताईची पोर, शिवांगी, हिच्या हाताला काळं कुत्रं चावलं. मी तिला ओढत नळाखाली नेलं, साबण लावून जखम खळखळून धुतली. "ताई, आता नीट दवाखान्यात चला," मी म्हणाले.

अंजूताई ऐकेल तर शपथ. "आधी बाबा. सुदर्शनभावजीचं पथ्य मोडलं म्हणून घात झाला. माझ्या लेकराच्या बाबतीत तू वाकड्यात शिरू नको, वर्षा."

"बरं. पण मी बी येते," मी म्हणाले, आणि मुखेडच्या जलीलभाईंना फोन लावला. जलीलभाई रिक्षा चालवतात. सुदर्शनचे जिवाभावाचे दोस्त. "भाई, रिक्षा घेऊन या. आणि तुमच्या शेरूला पण आणा."

चिंचेजवळ एक चेला आल्यागेल्याला विचारत होता, "कुत्रं कोणत्या रंगाचं?" अंजूताई नारळ घ्यायला थांबली होती. मी पुढं होऊन सांगितलं, "पांढरं."

चेल्यानं टोपलीतून गोळी काढून बाबाला दिली. बाबानं शिवांगीचा हात धरला, गोळी चोळली, फोडली. पांढरे केस.

"अगं बया!" अंजूताई दचकली. "बाबा, ते तर काळंकुट्ट होतं की! सगळ्या गल्लीनं बघितलंय."

बाबा काय हरतोय! "इख लई जुनं हाय, बाई. जुनं झालं की पिकतंय. माणसाचे केस न्हाई का पिकत?"

"हाव, हाव," म्हणत लोकांनी माना डोलावल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात जलीलभाई तांबड्या शेरूला दोरीनं धरून आले. शेरूला दूध दिसलं. तो सरळ बाजेपाशी गेला आणि बाबाच्या भेगाळलेल्या टाचा चपाचपा चाटायला लागला.

जलीलभाईंनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! बाबा, पाय वर घ्या! परवापासून पानी पिऊन नाई राहिलं हे कुत्रं. लाळ बघा कशी गळून राहिली!"

बाबा टुणकन बाजेवर उभा राहिला. "गाडी काढा! दवाखाना! अरे सुई, सुई पायजे मला!"

चेला बिचारा भोळ्या भक्तीचा. तो पळत टोपलीकडे गेला. "बाबा, तांबड्या केसांची गोळी देऊ का?"

बाबानं त्याला लाथ घातली. "मुडद्या, गोळीनं काय होतंय! रेबीज झाला तर मरंन मी!"

लोकांनी जोडलेले हात खाली घेतले.

मी टोपली ओढून सगळ्यांपुढं उपडी केली. आत तीन फडकी, एकेका रंगाच्या केसांच्या गोळ्यांचं एकेक. एक गोळी मी अंजूताईच्या हातावर ठेवली. "फोडा." तिनं फोडली. आत काळे केस, मातीत मळूनच ठेवलेले.

"ही कुणाच्या जखमेला लागली होती, ताई?"

"कुणाच्याच न्हाई," ती हळूच म्हणाली. मग तिनं दुसरी फोडली, तिसरी फोडली, आणि विचारलं, "मंग इतके लोक बरे कसे झाले?"

"चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं. ते लोक तसेही जगलेच असते. ज्याला पिसाळलेलं चावलं, तो गेला की म्हणायचं, पथ्य मोडलं."

कुणीतरी बाबावर चप्पल उगारली. मी आडवी झाले. "हात लावू नका! मला हा धडधाकट पाहिजे, कोर्टात उभा करायला. कुत्रं चावलेल्या माणसाला दवाखान्यापासून अडवणं जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे." जलीलभाईंनी शेरूपुढं पाणी ठेवलं. लस झालेला तो गडी गटागटा प्याला. ते बघून बाबाचं तोंड असं उतरलं, की मला दोन वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

रिक्षात अंजूताईनं विचारलं, "सुईत असं काय असतंय गं?"

"अंगात पहारेकरी पेशी असतात, ताई. जंतू शिरला की त्या त्याला गिळतात, तुकडे करतात आणि एकेक तुकडा अंगावर वर धरून काखेतल्या गाठीत नेतात. तिथं लाखो दुसऱ्या पेशी असतात. प्रत्येकीला एकच आकार ओळखता येतो. जिला तो तुकडा जुळतो ती जागी होते, एकीच्या हजार होतात, आणि जंतूला धरणारी प्रथिनं बनायला लागतात."

"मंग आपोआपच होईल की."

"हा विषाणू चोरटा. गुपचूप मेंदूकडं जाणाऱ्या नसेत, मज्जातंतूत शिरतो, पहारेकऱ्यांना पत्ता लागू देत नाही. मेंदूत पोचला की खेळ खलास. लशीत मेलेला विषाणू असतो. पेशी त्याचे तुकडे नेऊन दाखवतात, आणि खरा मेंदूत पोचायच्या आत फौज तयार होते. तोवर जखमेत तयार प्रथिनं टोचतात."

"बाबा बी दाखवतच होता," अंजूताई पुटपुटली.

"तुम्हाला दाखवत होता. पेशींना काय दिसलं?"

तिनं शिवांगीला पोटाशी धरलं आणि पदरात तोंड घालून रडली. "भावजीला मीच नेलं होतं गं," म्हणाली. मला ते माहीत होतं. सूड कुणावर उगवायचा, हेही माहीत होतं. मी तिचा हात धरला.

दवाखान्यात सुई टोचल्यावर शिवांगीनं डोळे पुसत विचारलं, "काकू, माझ्या पेशींनी ओळखलं का आता?"

"ओळखतील. थोडे दिवस लागतात. पुढच्या सुया चुकवायच्या नाहीत."

"मग काकाच्या पेशींनी का नाही ओळखलं?"

"त्यांना कुणी दाखवलंच नाही, बाळा."

म्हणून सांगून ठेवते. कुत्रं चावलं की जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली भरपूर वेळ धुवा आणि थेट दवाखाना गाठा. सगळ्या सुया घ्या. वाटेत कुणी मातीची गोळी घेऊन आडवा आलाच, तर त्याला एवढंच विचारा: तुला चावलं तर तू कुठं पळशील?