आज लोणी नको

तीन काठ्यांच्या तिकाटण्याला टांगलेली कातडी मशक इत्तोने पुढे ढकलली आणि परत येताना मुद्दाम सैल हातानं धरली. आतलं दही नुसतं डुचमळलं. दार तिनं सताड उघडं ठेवलं होतं. डोंगरावरचं बर्फाळ वारं थेट कातड्यावर येत होतं.

"घुसळतेस की जोजवतेस?" चुलीशी बसलेली तिची सासू हद्दा म्हणाली. "एवढ्या झोक्यांत पोर चालायला लागलं असतं."

"हात भरून आलेत, सासूबाई."

"हाताचं नाही गं, डोळ्याचं आहे हे. तुझी आई उंबऱ्याच्या आत आली आणि लोण्याची बरकत बाहेर गेली."

थंडी पडायला लागली तेव्हाच इत्तोची आई तूदा आली होती. एकुलता मुलगा गेल्यावर तिला दुसरं दार नव्हतं. काल हद्दाने तूदासमोरच निवाडा केला होता. आज घुसळताना तूदाने घराबाहेर थांबायचं. लोणी आलं तर नजर तिचीच, तिनं जायचं. नाही आलं तर दोष सुनेचा. पोराला इथं ठेवून सुनेनं चालतं व्हायचं.

इत्तोने झोपलेल्या पोराकडे पाहिलं. मग पाठ फिरवून मशक आणखी हळू ढकलली.

आणि आवाज बदलला. डुचमळणं थांबलं, आत काहीतरी जड, मऊ आपटू लागलं. तिनं हात थांबवला, पण हद्दाने मान वर केली होती.

मशकीचं तोंड सोडलं, तर लोण्याचे गोळे तरंगत होते. हद्दाने बिस्मिल्ला म्हणून मीठ टाकलं. तिचा चेहरा मात्र खुलला नाही.

"एक गोळा दे तिच्याबरोबर," ती खाली बघत म्हणाली. "रिकाम्या हाती नको जायला."

इत्तो तशीच बाहेर धावली. तूदा भिंतीशी उन्हात उभी होती. पाठीवर गाठोडं बांधून झालेलं होतं.

"आई, मी नीट घुसळलंच नव्हतं गं! कसं आलं कोण जाणे."

"तू नीट घुसळणार नाहीस, ठाऊक होतं मला," तूदा म्हणाली. "घुसळायच्या आधी तू पोराला पाजत होतीस ना, तेव्हा मशकीत ऊन पाणी ओतलं मी. गारठलं होतं दही."

"कुठं जाशील?"

लेकीच्या मनगटाला लागलेलं लोणी तूदाने अंगठ्यानं निपटलं आणि आपल्या भेगाळलेल्या ओठांना लावलं.

"चांगलं आलंय," ती म्हणाली.