राहून गेलेला अध्याय

रुआबांधा वस्तीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात चहाआधी प्रार्थना होई. श्यामराव रेल्वेत दुर्ग लाइनवर गार्ड होते, आता निवृत्त. रोज बायबलचा एक अध्याय, ओळीनं. नावांच्या लांबलचक याद्याही ते गाळत नसत. "डबे मोजल्याबिगर गाडी सोडत नसते," असं म्हणत. वाचलेल्या अध्यायाचा आकडा नात प्राची कॅलेंडरवर लिहून ठेवी.

त्या शनिवारी प्राचीची आई सीमा दाराशी बसली होती. तिचा नवरा माणिक जाऊन अडीच महिने झाले होते. रसमड्याच्या कारखान्यातून परतताना त्याची मोटरसायकल घसरली. कारखान्याचा नियम साधा होता : मेलेल्या कामगाराची नोकरी बायकोला, किंवा तिनं लिहून दिलं तर घरातल्या दुसऱ्या कुणाला. वस्तीचा रिवाज त्याहून साधा होता : बायकोनं लिहून द्यायचं.

शेजारच्या ठकूबाईनं सहा वर्षांपूर्वी दिराला असंच लिहून दिलं होतं. आता ती त्याच्या घरी मागच्या पडवीत झोपे आणि अंगाच्या साबणासाठी जावेच्या तोंडाकडे पाही. नळावर ती दिसली की सीमा मान वळवी.

श्यामरावांनी बायबलातलं 'गणना' हे पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली.

"आबा, आज सत्ताईस है ना?" प्राची म्हणाली. "ये तो अट्ठाईस है."

"चूप बस! प्रार्थनेत बोलत नसतात."

म्हाताऱ्याचा आवाज असा कधी चढत नसे. सीमानं वर पाहिलं. सासऱ्यांनी आधीचं पान अंगठ्यानं दाबून धरलं होतं.

'आमेन' झालं तसा दीर नरेश कागद घेऊन पुढे आला. "वहिनी, सिविक सेंटरातून टाइप करून आणला. सोमवारी द्याचा हाय. इथं सही मारा."

"चहा तं होऊ दे."

"चहा पळून राह्यला का?" सासू रुक्माबाई म्हणाल्या. "तीन साल झाले, नोकरीपायी पोराचं लग्न अडून हाय. कर सही."

"आई, मी बारावी पास हाय. तिथं स्टोअरमधी बाया काम करतात."

"अन् या गुडघ्यानं सैपाक मी करू? दीर घरी बसला अन् विधवा डबा घेऊन फॅक्टरीत चालली, लोक थुंकतीन तोंडावर!"

नरेश हसला. "गेटवर रोज दोनशे माणसं पाह्यतीन, वहिनी. लाजून वापस यासान. मी हावो ना, जन्मभर पोसतो तुमाले."

"बाबा?" सीमानं सासऱ्यांकडे पाहिलं.

"घर टिकवा लागते, बाई," ते जमिनीकडे पाहत म्हणाले.

माहेरी भाऊ-भावजय एका खोलीत राहत होते. तिथे जागा नव्हती. इथल्या पुढच्या दारात नरेश पेन घेऊन उभा होता, मागच्या दाराशी सासू. "दूध पाहून येतो," म्हणत सीमानं जाता जाता बायबल उचललं आणि ओट्याशी उभ्या उभ्याच सत्ताविसावा अध्याय काढला.

पाच बहिणी होत्या. बाप वाळवंटात मेलेला, भाऊ नाही. त्या सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि बापाचा वाटा मागितला. लाखो लोक ज्याच्या मागून चालत, त्या मोशेनं त्यांना हाकललं नाही. रिवाज असाच आहे, असंही म्हटलं नाही. उत्तर त्यालाही ठाऊक नव्हतं. तो देवाला विचारायला गेला, आणि उत्तर आलं की पोरींचं म्हणणं बरोबर आहे.

सासऱ्यांना हा अध्याय पाठ होता. म्हणूनच त्यांनी पान उलटलं होतं.

बाहेर येऊन तिनं नरेशच्या कागदावर पुस्तक उघडं ठेवलं. "बाबा, आजचा अध्याय राह्यला. हा वाचा, अन् मंग मले सही मागा."

श्यामराव वाचू लागले. पाचही बहिणींची नावं त्यांनी वाचली. 'मुलगा नव्हता म्हणून आमच्या बापाचं नाव का पुसावं?' या बहिणींच्या प्रश्नापाशी मात्र ते थांबले.

"थांबले कावून?" रुक्माबाईंनी विचारलं.

त्यांनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला.

"मी सही करत नाही," सीमा म्हणाली. "फॉर्म माह्या नावानं भरतो."

"अन् माह्यं काय?" नरेश ओरडला.

"तुले जन्मभर पोसतो ना मी. लिहून देऊ?"

नरेश दार आपटून गेला. रुक्माबाई दिवसभर तिच्याशी बोलल्या नाहीत, तिच्या हातचं जेवल्या नाहीत. संध्याकाळी नळावर सीमानं पहिल्यांदा ठकूबाईकडे मान न वळवता पाहिलं.

दर रविवारी श्यामराव चर्चच्या ओसरीत मुलांना शिकवत. सुरुवात ठरलेली असे. दुसऱ्या दिवशीही ती तशीच झाली.

"गाडीचा पुढारी कुठी बसते?"

"मागं!" मुलं ओरडली. "गार्डाच्या डब्यात!"

"कावून?"

"मागचे डबे सुटले नाही ना, ते पाह्याले! त्यानं हिरवा झेंडा दाखवल्याबिगर गाडी हलत नाही!"

"बरोबर," श्यामराव म्हणाले. "काल मी मागं पाह्यलंच नाही. एक अध्याय गाळून टाकला."

"कावून, आबा?" पुढे बसलेल्या एका मुलीनं विचारलं.

शेवटच्या ओळीत सीमा बसली होती. भरलेला फॉर्म तिच्या पिशवीत होता. श्यामरावांनी तिच्याकडे पाहिलं.

"भेऊन गेलो होतो, बेटा," ते म्हणाले, आणि पुस्तक प्राचीच्या हाती दिलं. "वाच. सत्तावीस. बाहेरच्यालेही ऐकू गेलं पाह्यजे."