सुचित्राच्या नावाचा नारळ

लालबागच्या त्या चाळीत गावकीची एक खोली होती. कोकणातून गिरणीत कामाला आलेले पुरुष एके काळी तिथे पाळीपाळीने झोपत. आता गिरणी नाही नि झोपणारेही नाहीत. पण वर्षाची पूजा कधी चुकली नाही, आणि पूजेनंतरचं गाऱ्हाणंही. देवापुढे नारळ ठेवायचा, मोठ्या माणसाने घरातली अडचण मोठ्या आवाजात देवाला सांगायची आणि बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणत साथ द्यायची. लग्न होऊन आल्यापासून सुभद्रा ते म्हणत आली होती. संप मिटू दे म्हणूनही म्हणाली होती. संप राहिला बाजूला, गिरण्याच मिटल्या. तरी तिचा विश्वास उडाला नाही.

म्हणून तर चूक झाली.

मागच्या रविवारी ती कोलंबी सोलत बसली होती. सुचित्रा, तिची एकुलती एक मुलगी, परळला ऑफिसात जाणारी, समोर येऊन बसली. कोलंबीला कधी हात न लावणारी पोर आपणहून सोलायला लागली, तेव्हाच आईने ओळखलं, काहीतरी आहे.

“आई, त्या चिपळूणच्या स्थळाला नाही कळव.”

“कित्याक? टक्कल हा म्हणान?”

“टकलाचं काय नाय गं!” सुचित्रा हसली, मग मान खाली घालून सोलत राहिली. “मला वाटतं, मला मुलगे आवडतच नाहीत. मुली आवडत असतील. नक्की माहीत नाही अजून.”

सुभद्रेने सोललेली कोलंबी सालांत टाकली.

“नक्की नाय, मग माका कित्याक सांगतंस?”

“नक्की नाही म्हणूनच. नक्की असतं तर नुसतं सांगितलं असतं. आता तुझ्याशी बोलायचंय.”

पण असलं बोलतात कसं, ते सुभद्रेला ठाऊक नव्हतं. तिला नारळ ठाऊक होता. तिने थोरल्या दिरांना, म्हणजे गाऱ्हाणं घालणाऱ्या तात्यांना, पोरीच्या नावाने नारळ ठेवायला सांगितलं. तिच्या मनात काहीतरी घोळतंय, एवढंच म्हणाली. तात्यांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुणाला सांगू नका म्हणत सगळं सांगून बसली.

पूजेला खोली भरली. सुचित्रा दाराशी उभी होती, आई म्हणाली म्हणून साडी नेसून. तात्यांनी टोपी सारखी केली आणि आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या सुभद्रेन आपल्या चेडवाच्या नावान नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या चेडवाक बायलांचो नाद लागलो हा. ही जी काय घाण डोक्यात शिरली हा, ती भायर काढ रे म्हाराजा!”

लोकांनी सवयीने ‘व्हय’ म्हटलं, मग काय ऐकलं ते कळलं आणि ‘म्हाराजा’ अर्धवट राहिलं. कोणीतरी फिस्सकन हसलं. सगळ्या माना दाराकडे वळल्या.

‘व्हय’ सुभद्रेच्याही जिभेवर येऊन ठेपलं होतं. तिने पोरीकडे पाहिलं. सुचित्रा तात्यांकडे बघतच नव्हती. ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

सुभद्रेच्या अंगाचा तिळपापड झाला. घाण? आपल्या पोटची पोर घाण? समोर मांडी घालून बसलेला राजाराम बायकोला बडवायचा, सगळी चाळ ऐकायची, तेव्हा ह्या देवापुढे कुणी ब्र काढला नव्हता.

“नाय म्हाराजा!”

“सुभद्रा,” तात्या दरडावून म्हणाले, “गाऱ्हाण्यात बायलांनी मधी बोलूचा नाय!”

“मग बायलांचा सांगतात कित्याक? तो राजाराम बायलेक मारी तेव्हा खय होतात तुमी नारळ घेवन? तेव्हा म्हणालात, घरची गोष्ट घरात! आणि माझ्या घरची गोष्ट तुमी परसादाच्या शिऱ्याआधी वाटलात!”

राजाराम खाली बघू लागला. सुभद्रेने देवापुढचा नारळ उचलला. असा ठेवलेला नारळ कोणी परत घेत नाही. पण ती घेऊन निघाली, आणि तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

सुचित्रा तिच्या आधीच चाळीतल्या त्यांच्या खोलीवर पोचली होती. पिशवीत कपडे कोंबत होती.

“चुकलंय गे बाय,” सुभद्रा म्हणाली.

“मी तुला विचारलं होतं, आई. देवाला नाही. तात्यांना तर नाहीच.” तिने आणखी एक कुर्ता पिशवीत कोंबला. “मला अजून नक्की माहीत नाही म्हटलं होतं मी. तुम्ही सगळ्यांनी मिळून नक्की करून टाकलंत. घाण!”

“मी म्हणूक नाय तसा.”

“तू सांगितलंस म्हणून ते म्हणाले.”

सुचित्राने पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या. सुभद्रा दारात आडवी आली नाही. ती आत जमिनीवर बसली, नारळ पुढ्यात ठेवला.

“ह्यो नारळ फोड, नायतर माझा डोक्या फोड. पण त्या दिवशी काय बोलूचा होता, ता बोल. मी मधी तोंड घालूचंय नाय. आणि हयसून भायर एक शब्द जावचो नाय.”

सुचित्रा गॅलरीकडे तोंड करून उभी राहिली. पूजेच्या खोलीतून आरतीच्या टाळ्या ऐकू यायला लागल्या होत्या.

मग ती चपला पायातच ठेवून, पिशवी मांडीवर घेऊन, उंबऱ्यावर बसली.