ब्लाझेनाची काठी

गुडघा कुरकुरायला लागला म्हणून ओल्द्रिखनं यंदा स्कालकोवच्या किल्ल्यावर जाताना बायकोची काठी घेतली. तिच्या टोकाला रबर होतं. ब्लाझेनाला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याची स्वतःची काठी गडागडांच्या पत्र्याच्या बिल्ल्यांनी मढलेली, हिची पार नागडी. जो बुरूज चढला नाही त्याचा बिल्ला काठीवर ठोकायचा नाही, हा बोहेमियातल्या भटक्यांचा नेम, आणि ओल्द्रिख नेमाला भलता कडक.

मागं याच किल्ल्यात तो बियर ढोसून झाडाखाली आडवा झाला होता. जागा होऊन बघतो तर बाईसाहेब बिल्ला घेऊन उभ्या.

"बुरुजावर जाऊन आले, ओल्दा. तू घोरत होतास."

"तू? चर्चच्या पायऱ्या चढताना धाप लागते तुला."

"बसत बसत गेले. तटामागच्या बागेत मधमाश्यांच्या पेट्या आहेत बघ, निळ्या-पिवळ्या. एकीवर मांजर झोपलं होतं."

"वरून डोंगर दिसतात, बाई. पेट्या कुठल्या? थाप मारायची तर जरा बरी मार. जा, परत करून ये तो."

सोबतची मंडळी खदखदून हसली. ती मुकाट्यानं बिल्ला परत करून आली. पुढं तिनं कधी बुरुजाचं नाव काढलं नाही. हा मात्र खोटं पकडल्याच्या खुशीत.

आज तो धापा टाकत वर पोचला. सवयीनं डोंगरांकडे वळला, पण ढग उतरले होते. मग कठड्याला रेलून त्यानं खाली पाहिलं. इतक्या वर्षांत खाली बघायचं त्याला सुचलंच नव्हतं.

त्या बाजूला तट दोन पुरुष उंच, बुरुजाखेरीज पलीकडचं काही दिसायची सोय नाही. तटामागं सफरचंदांची बाग होती. बागेत पेट्या होत्या, निळ्या-पिवळ्या. मांजर तेवढं नव्हतं.

त्याला स्वतःची शरम वाटली. एकदा वाकून बघायचं होतं, बस.

खाली बिल्ले विकणारी बाई हसून म्हणाली, "चढलात ना, आजोबा? नाहीतर मिळणार नाही हं."

"माझ्याकडं आहे. हा बायकोसाठी."

"मग त्यांनाच चढून घेऊ द्या की."

"चढली होती ती. घ्यायलाही आली होती. मीच परत करायला लावला."

बाईनं बिल्ला पुढं सरकवला. ओल्द्रिख काठी फिरवून फिरवून बघत राहिला. कुठं ठोकावा ते कळेना. काठी सगळीच मोकळी होती.