ओर्नेलाबाईंचा रोजा

आखाती देशातल्या बुदैया गावात हुदाबाईंच्या बंगल्यात दोन भाडेकरू होते. पुढच्या बाजूला ओर्नेलाबाई, इटलीची म्हातारी लेखिका. मागच्या बाजूला खेडचे जैनुद्दीन आणि त्यांची बायको शरीफुन्निसा. मधल्या अंगणात बदामाचं झाड. हुदाबाईंना तिथं गाड्या लावायच्या होत्या, म्हणून झाड तोडून घ्यायचं काम त्यांनी आपल्या कारकुनावर, म्हणजे जैनुद्दीनवरच सोपवलं.

ओर्नेलाबाईंनी झाडाखाली खुर्ची टाकली, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि मोडक्या हिंदीत जाहीर केलं, "झाड राहील तेव्हाच जेवीन."

शरीफुन्निसाचा तर त्या झाडात जीव होता. खेड सुटल्यापासून दारात हिरवं म्हणून तेवढंच. बाईंनी रोजा धरलाय असं समजून मगरिबच्या अजानीला ती खजूर आणि सांदणं घेऊन हजर झाली.

"सोडा आता."

"हा रोजा सूर्य मावळला म्हणून सुटत नाही, आपा. मालकीण ऐकेल तेव्हा सुटेल."

शरीफुन्निसानं कमरेवर हात ठेवले. "म्हणजे इफ्तारची वेळ हुदाबाई ठरवणार?"

दुसऱ्या दिवशीही बाई नुसतं पाणी पिऊन टाइप करत राहिल्या. शरीफुन्निसानं आपलं ताट बाजूला सारलं. ती जवळ जाऊन बसली. "तरुणपणीही असंच करायचात?"

"आमच्या गावात गिरणीतल्या बायकांच्या पोरांना पाळणाघर हवं होतं. मी उपाशी बसले, कुणी बघितलंही नाही. मग सगळ्या बायकांनी चुली बंद केल्या, तेव्हा नगराध्यक्ष धावत आला. त्यावरच्या पुस्तकानं माझं नाव झालं."

"किती दिवस लागले?"

"दोन. पुरुष तेवढेच टिकतात."

शरीफुन्निसा पदर खोचून उठली.

संध्याकाळी जैनुद्दीन हात धुऊन बसले. समोर काहीच नाही.

"जेवण?"

"मफी. नाही म्हणजे नाही."

"तब्येत बरी नाय काय?"

"ठणठणीत आहे. झाड राहिलं की कालवण."

"अगो, मी नोकर माणूस! मालकिणीला काय सांगू, बायकोनं गॅस बंद केला म्हणून?"

"तेच सांगा. बाईमाणूस आहेत, समजतील."

जैनुद्दीननी ताठ मानेनं बाहेर जाऊन शावरमा खाल्ला. दुसऱ्या दिवशी दुपारी शावरमा, रात्रीही शावरमा. पहाटे छातीत अशी जळजळ उठली की सकाळी ते हुदाबाईंपुढं उभे राहिले आणि घडाघडा सगळं सांगून मोकळे झाले.

हुदाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "गाड्या बाहेर भिंतीला लावू. झाड राहू दे. पण ही युक्ती माझ्या नवऱ्याच्या कानावर घालू नकोस. मला लागणार आहे."

जैनुद्दीन धापा टाकत अंगणात आले. "बाई, झाड राहिलं! जेवा!"

ओर्नेलाबाईंचा चेहरा पडला. "इतक्यात? उपोषणावरचं पुस्तक आहे हे. दोनच प्रकरणं झालीत. निदान आठवडा तरी हवा होता."

"पुढचं जेवून लिहा," म्हणत शरीफुन्निसानं त्यांच्या हातात गरम पेजेचा वाडगा ठेवला.

"आणि मला?" जैनुद्दीननी विचारलं.

"आधी बाईंचा रोजा सुटू दे. वाडगा रिकामा झाला की गॅस पेटवते."

जैनुद्दीन शेजारी उकिडवे बसले. ओर्नेलाबाई एक चमचा पेज घ्यायच्या आणि चार ओळी टाइप करायच्या. पुन्हा चमचा, पुन्हा चार ओळी. अर्धा वाडगा झाला, तेव्हा मात्र जैनुद्दीननी हात जोडले.

"बाई, हे प्रकरण जरा आखूड लिहा."